मागचा वाफा

पौषातली धुई इतकी दाट पडली होती की विहिरीवरची मोटार नुसती ऐकू येत होती, विहीर दिसत नव्हती. मोर्शीच्या अलीकडं, अमरावती रस्त्याच्या कडेला कौशल्याची संत्र्याची नर्सरी. सकाळच्या त्या पांढऱ्या अंधारात ती पोत्यावर बसून डोळे भरत होती. चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा, जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात तो सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. खाली जंबेरीचं मूळ, वर संत्र्याचं झाड. शेजारी कामावरची पार्बताबाई फडक्यानं खुंट पुसून देत होती, कारण ओल्या सालीवर डोळा धरत नाही.

"कुंदन कुठी गेला?" पार्बताबाईनं विचारलं.

"गेले पिकअप घेऊन, वरुडाले. पोट्टीले शाळेत सोडून तसेच जातो म्हणे."

"हसत गेली न वं आज बी."

कौशल्यानं चाकू थांबवला. "तेच तर म्हणतो मी. शाळेत जाताना लेकरू हसते कधी? काहीतरी गडबड आहे."

कौशल्या संशयी होती हे आसपासच्या चार गावांना ठाऊक होतं. आलू घेताना ती पोत्याच्या तळातला आलू मागायची. लग्नाच्या जेवणात पहिल्या पंगतीला कधी बसायची नाही. दुसऱ्या पंगतीला वरणात पाणी घालतात की नाही ते तिला पाहायचं असायचं. कुंदनचं स्थळ सांगून आलं, तेव्हा बाजाराच्या दिवशी ती डोक्यावरून पदर घेऊन त्याच्या पालापाशी गेली. तो रोपं विकत होता. "कलमा मरतात काय हो?" तिनं अनोळखी होऊन विचारलं. "मरतात न," कुंदन म्हणाला, "मातीचं काम होय, काही मरतातच." घरी येऊन तिनं बापाला सांगितलं, होकार कळवा. लोकांना वाटलं, पोरगा दिसायला बरा आहे म्हणून.

आणि संशय घ्यायला तिच्याकडं कारणही होतं. ती स्वतः नर्सरीवाली. माल कसा दाखवतात, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? रस्त्याकडचा पहिला वाफा कायम हिरवागार, तजेलदार, पानं पुसलेली. गिऱ्हाईक तिथंच उभं करायचं, चहा तिथंच पाजायचा. मरतुकडी, पिवळी, उशिरा फुटलेली रोपं मागच्या वाफ्यात, तुरीच्या ओळीआड. सगळेच करतात. म्हणून कौशल्या दुसऱ्याच्या नर्सरीत गेली की पुढं थांबायचीच नाही. "लघवीले जाऊन येतो," म्हणायची आणि मागून एक चक्कर मारायची.

शाळाही तिनं तशाच पाहिल्या.

तिची लेक श्रावणी नऊ वर्षांची. बोलायला चुरचुरीत, पाढे ऐकले की पाठ, पण वाचायला बसवलं की अक्षरं तिच्या डोळ्यांपुढून मुंग्यांसारखी पळायची. 'कमळ' वाचताना 'मकळ' म्हणायची आणि मग समोरच्याच्या तोंडाकडं पाहून अंदाजानं तिसरंच काहीतरी सांगायची. गावच्या शाळेत सर म्हणाले, येईल हळूहळू. दोन वर्षं हळूहळू गेली. मग मोर्शीतली इंग्रजी शाळा. टाय, पिवळी बस, फाटकाशी हात जोडून उभा वॉचमन. पालक मीटिंगला पुढच्या बाकांवरची लेकरं इंग्रजीतून कविता म्हणू लागली आणि सगळ्या आया मोबाईल वर धरून शूटिंग करू लागल्या. कौशल्यानं विचारलं, "माह्यी पोट्टी कुठी बसते?" शेवटचा बाक, कपाटाच्या मागं. तिथं श्रावणीनं नखानं बाकावर एक अख्खं झाड कोरून ठेवलं होतं. तेवढं मोठं झाड कोरायला किती दिवस लागले असतील, याचा हिशेब कौशल्यानं उभ्या उभ्या केला.

"हा तर मागचा वाफा होय," ती मोठ्यानं म्हणाली. कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीचं नाव काढलं.

मग अमरावतीला भावाकडं ठेवली. तिथल्या शाळेतून आलेली वही पाहून घरचे खूश. सुंदर अक्षर, बरोबरच्या लाल खुणा, 'छान'. भाऊ म्हणाला, "पाह्य, शहरात फरक पडते." भेटायला गेलेल्या कौशल्यानं वही उघडली, पेन्सिल पोरीच्या हाती दिली. "याच्या बाजूले तुह्यं नाव लिही बरं." श्रावणीनं 'श' काढला आणि रडायला लागली. वहीतलं अक्षर बाईंचं होतं. कौशल्या त्याच संध्याकाळच्या एसटीनं पोरीला परत घेऊन आली.

तेव्हाच पार्बताबाईनं तिला सुनावलं होतं. "काय वं, गिऱ्हाइकाले तू सांगते, कलम लावल्यावर हलवून हलवून पाहू नका, मुळ्या तुटतात. अन् पोट्टीले किती बार उपटली?"

"हलवू नये," कौशल्या म्हणाली, "पण नखानं खरडून पाहाले काय मनाई आहे? सालीखाली हिरवं दिसलं त जित्तं."

"मंग खरडतच बस."

आता श्रावणी ज्या शाळेत होती ती मोर्शीच्या टोकाला, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागं. दोन खोल्या, टिनाचा व्हरांडा, एक मोठं चिंचेचं झाड. गीतांजली मॅडम ती चालवत. माहेर अमरावतीच्या वकिलाचं, सासर इथलं. नाव घालायला कौशल्या गेली तेव्हा मॅडमनं शाळा दाखवलीच नाही. म्हणाल्या, "मला आत्ता काही सांगता यायचं नाही. पाठवा, पाहू." त्यावरही कौशल्याचा संशय. ज्याला माल विकायचाच नाही असं दाखवतो, तो विकणारा सगळ्यात चालू असतो. तरी जूनमध्ये तिनं नाव घातलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून ती पाहत होती. दप्तर हलकं. वहीत चित्रंच जास्त. पोरगी गाणी म्हणत घरी येते. परीक्षेचा कागद नाही, नंबर नाही. आणि काल संध्याकाळी भाकरी खाता खाता श्रावणी सहज म्हणाली, "आई, मी आता पहिलीच्या वर्गात बसतो."

भाकरीचा घास कौशल्याच्या हातातच राहिला. चौथीची पोर, पहिलीत!

आणि नेमका आज दुपारी जीवन येणार होता. जीवन कुंदनचा मावसभाऊ, अकोल्याच्या एका होस्टेलवाल्या शाळेत कामाला. गावोगाव फिरून लेकरं आणायची, हे त्याचं काम. पंधरवड्यापासून फोनवर फोन. "वहिनी, शेवटची सीट ठेवून राहिलो तुमच्यासाठी. आज हो म्हणा, उन्हाळ्याच्या सुट्टीतच पाठवा, पोट्टी बदलून जाईन." कुंदनला पटलं होतं, त्याला सगळंच पटायचं. होस्टेलचं नाव घरात निघाल्यापासून श्रावणी पुन्हा नखं खायला लागली होती, हेही कौशल्यानं पाहिलं होतं. पण इथं पोरीला पहिलीत बसवून ठेवत असतील, तर मग अकोला काय वाईट?

धुई विरायला लागली. कौशल्यानं चाकू पुसून ठेवला.

"मी येतो जाऊन शाळेत."

"खरडाले?" पार्बताबाई.

"दोन लिंबाचे रोपं घेतो. मॅडमनं मांगितले होते म्हणून सांगतो."

"मांगितले होते काय?"

"नाई."

ऑटोत दोन्ही पायांमध्ये रोपांच्या पिशव्या धरून ती गेली. फाटकातून आत गेली नाही. जिनिंगच्या पडक्या भिंतीकडून वळसा घालून मागून आली. शाळेच्या मागं काय टाकतात ते आधी पाहिलं. तुटका बाक, कागदाचे कपटे, चिंचेचा पाला. खोडरबरानं भोकं पडलेला एक कागद तिनं उचलून उन्हाकडं धरला. कोणीतरी एकच अक्षर पुन्हा पुन्हा काढून खोडलं होतं. तो तिनं कंबरेला खोचला. पुरावा म्हणून.

खिडकीला गज होते. ती बाजूला होऊन उभी राहिली.

आत चटईवर सहा-सात वर्षांची लेकरं, आणि त्यांच्यामधे श्रावणी. एवढी मोठी पोर, बकऱ्यांत गाय बसावी तशी. मांडीवर मोठ्या अक्षरांचं एक चित्राचं पुस्तक. श्रावणी बोट ठेवून वाचत होती. "को-ल्ह्या-नं म-ग वि-हि-री-त..." थांबली. बोट तिथंच. एक बारकं पोट्टं गुडघ्यावर हनुवटी ठेवून पाहत होतं.

"ताई, विहिरीत काय?"

"थांब न रे, दम धर. वाचून राहिली न मी."

लेकरं थांबली. कोणी हसलं नाही. श्रावणीनं ओठ हलवले, पुन्हा मागं गेली, पुन्हा आली. "विहिरीत... डो-का-व-लं."

"बापा!" ते पोट्टं म्हणालं. कोल्ह्याची त्याला खरीच काळजी वाटली.

कौशल्याच्या मनात पहिलं काय आलं असेल? तोंडपाठ केलं असेल. तिला ठाऊक होतं, पोरीला ऐकलेलं सगळं पाठ होतं. आणि तीन शाळांनी तिला आधीच फसवलं होतं. ती तशीच वळसा घालून व्हरांड्यात आली, लिंबाच्या पिशव्या आपटल्या.

"मॅडम, माह्यी पोट्टी पहिलीत काहून बसवली?"

गीतांजली मॅडम पेन्सिली तासत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "रोपं कशाची?"

"लिंबाची. तुमी पहिले माह्यं सांगा."

"बसा."

"मी उभीच बरी."

"सकाळी एक तास ती लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवते. चौथीत बसून पहिलीचं पुस्तक वाचायला तिला लाज वाटत होती. पुस्तक उघडायचीच नाही. आता पहिलीचं पुस्तक तिला वाचावंच लागतं, कारण ही मुलं वाट पाहत असतात. बाकी दिवसभर ती चौथीतच असते."

"हे तिनं सांगतलं नाई मले."

"तुम्ही विचारलं का?"

कौशल्या लगेच म्हणाली, "तोंडपाठ केलं असन तिनं."

"आधीच्या पुस्तकाची दोन पानं केली होती," मॅडम म्हणाल्या. "मलाही संशय होता. म्हणून मी गोष्ट मधूनच बदलून देते. आजचं पुस्तक तिनं कालपर्यंत पाहिलंही नव्हतं. 'डोकावलं'ला अडकली ना?"

"तुमाले कसं माईत, मी खिडकीत होती म्हणून?"

"खिडकीतून तुमच्या लिंबाचा शेंडा दिसत होता."

कौशल्याला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. हसवून माल विकणारेही तिनं पुष्कळ पाहिले होते. तिनं कंबरेचा कागद काढून समोर धरला. "अन् हे?"

"हा शर्विलचा. 'ज्ञ' काढत होता. तिसरीतला."

आता तिच्याकडं एकच प्रश्न राहिला होता. दुसऱ्याच्या नर्सरीत ती तो सगळ्यात शेवटी विचारायची, कलमा किती मेल्या म्हणून.

"मॅडम, खरं सांगा. तुमच्या इथून किती लेकरं गेले? म्हणजे जमलं नाई म्हणून?"

मॅडमचा हात तासणीवर थांबला. पुढं जे आलं ते त्या सावकाश बोलल्या. "तीन. दोघांचं घर दुसरीकडं गेलं, ते मी धरत नाही. एक मुलगा माझ्यामुळं वाया गेला, निदान वर्षभर. मी त्याला आळशी समजले. त्याला नीट ऐकूच येत नव्हतं. मला कळायला फार उशीर झाला."

"कोणाचा होय थो?"

"ते मी सांगणार नाही."

"मोर्शीतला?"

मॅडम पुन्हा पेन्सिल तासू लागल्या. पण कौशल्याला सांगावं लागत नव्हतं. कानाला मशीन लावलेला नातू आसपासच्या संत्रावाल्यांत एकाचाच होता. तिनं व्हरांड्यातून खाली उतरून चिंचेखाली जाऊन फोन लावला. खुशालराव, जुनं गिऱ्हाईक, फोनवर बोलताना कायम शेताच्या बांधावरून ओरडल्यासारखे.

"काय वं पोरी! सकायी सकायी?"

"दादाजी, तुमचा नातू जिनिंगमागच्या शाळेतून काहून काढला होता हो?"

"आमी कुठी काढला? थ्या मॅडमच घरी आल्या. मले म्हणे, मी चुकली, याले कान दाखवा, अमरावतीले घेऊन जा. चहा बी घेतला नाई. पहिले त मी भडकलो. मंग डॉक्टरनं सांगतलं का खरं होय." मग एकदम आवाज बदलला. "काय वं, थ्या कलमीईचं काय? दोन झाडाईच्या खुंटावरूनच फुटवे आले. संत्रा कुठी? जंबेरी झाली नुसती! तुले सांगतलं त तू म्हणे, बकऱ्यानं वरचा शेंडा खाल्ला असन."

"बकऱ्यानंच खाल्ला असन, दादाजी."

"माह्याकडं बकरीच नाई वं!"

"मंग रानातला रोही आला असन. ठेवतो." तिनं फोन ठेवला. त्या दोन कलमांमधला डोळा मेला होता हे तिला त्याच साली कळलं होतं. कोणती नर्सरीवाली तोंडानं सांगते तसं?

ती व्हरांड्यात परत आली तेव्हा श्रावणी दारात उभी होती. दप्तर छातीशी धरलं होतं. आई शाळेत आली म्हणजे नाव काढायला आली, हे तिला आता पाठ झालं होतं.

"आई, चाललो काय आपुन?" तिनं विचारलं. नख दातांत.

कौशल्यानं तिच्या तोंडातलं बोट काढलं. "रोपं लावाले आली मी. कुठी लावू, तू सांग."

"म्हणजे मी राहू?"

"मंग? लेकराईले वाट पाहाले लावतं काय? त्या कोल्ह्याचं काय झालं पुढं?"

"मले बी माईत नाई. पान पलटवा लागते न." आणि ती आत पळाली. दप्तर दारातच पडलं.

लिंबं व्हरांड्याच्या कोपऱ्यालगत लावून होईपर्यंत कौशल्या एकदाही मॅडमकडं पाहून हसली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "मी येत जाईन. सांगून नाई येणार."

"मागूनच या," मॅडम म्हणाल्या. "पुढचं फाटक तसंही अडकतं."

दुपारी जीवन आला. पांढरा शर्ट, गॉगल कपाळावर, हातात टॅब. रस्त्याकडच्या हिरव्या वाफ्यापाशीच खुर्ची टाकून बसला. कुंदनही परतला होता. टॅबवर होस्टेलचे फोटो सरकू लागले. रांगेत पलंग, रांगेत लेकरं, रांगेत ताटं. सगळे कॅमेऱ्याकडं पाहून हसत होते, एकसारखे.

"पाहा वहिनी, काय शिस्त आहे."

"भाऊजी, तुमच्या इथून किती लेकरं परत गेले? जमलं नाई म्हणून, रडते म्हणून?"

जीवन हसला. "एक बी नाई. आपल्याकडून कोणी जातच नाही, वहिनी. शंभर टक्के रिझल्ट."

"एक बी नाई?"

"एक बी नाई."

कौशल्यानं कुंदनकडं पाहिलं. कुंदन खाली मातीकडं पाहत होता. बाजारातलं ते पाल त्यालाही आठवलं असावं, किंवा नसावं.

"मंग नाई जमत आमाले," ती म्हणाली. "ज्या नर्सरीत एक बी कलम मरत नाई, थे नर्सरी नसते. थो फोटो असते."

"वहिनी, मजाक नका करू. शेवटची सीट आहे."

"दुसऱ्या कोण्या शहाण्याले द्या."

"कुंदन, तू तरी बोल! ती फाटकी शाळा, तिथं पोट्टीचं काय होणार आहे?"

कुंदननं मान खाजवली. "माईत नाई, जीवन. थ्या मॅडमले बी माईत नाई म्हणते हे. पण पोट्टी नख खाऊन राहिली न तुह्या होस्टेलच्या नावानं."

जीवन चहा न घेता गेला. गाडी वळवताना पहिल्या वाफ्यातल्या दोन कलमा चाकाखाली आल्या. कौशल्यानं शिवी दिली, पण तोंडातल्या तोंडात, नात्यातला माणूस.

उन्हं कलली तेव्हा श्रावणी आली. दप्तर तसंच हलकं. कौशल्यानं ते उघडलं, वही काढली, पानं चाळली. चित्रं, दोन ओळी, तिसऱ्या ओळीत 'विहीर' तीनदा खोडून चौथ्यांदा. अक्षर वाकडं. मुरगाळल्यासारखं वाकडं. कौशल्यानं ते उजेडाला धरलं, अंगठ्याच्या नखानं कागद हलकेच खरडला. पेन्सिल निघाली. अक्षर पोरीचंच होतं.

"काय पाह्यतं?" पार्बताबाई म्हणाली.

"काही नाई."

"पटलं काय मंग?"

"सध्या तरी. चैतात पाहू." तिनं वही दप्तरात घातली आणि पोत्यावर बसली. चाकूला धार लावली. "मागच्या वाफ्यातले पिवळे रोपं आण वं उद्या इकडं, रस्त्याच्या अंगाले. तिकडं ऊन लागत नाई त्याईले. आणि पट्टी दे."

पार्बताबाईनं पट्टी दिली. कौशल्यानं पुढच्या खुंटाला चीर घातली, डोळा सरकवला आणि पट्टी गुंडाळायला लागली, फार घट्ट नाही, फार सैलही नाही.